खेळ कुणाचा, ओझं कुणाचं?

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी होते. कोरोनामुळे आश्रमशाळा बंद होत्या, पोरी घरी होत्या, आणि घरी असलेल्या पोरींची लग्नं ठरत होती. अशाच एका ठरलेल्या लग्नाची बातमी आल्यामुळे मी तिथे गेले होते. आमच्या भागात फोनला रेंज मिळवायची तर टेकडी चढावी लागते. मी चढले, पाठोपाठ पाच-सहा पोरी आल्या. ऑफिसशी बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, ऑलिम्पिक दाखव ना."

त्या सकाळी टोकियोहून गोल्फची शेवटची फेरी दाखवत होते. बंगळुरूची अदिती अशोक खेळत होती. चित्र अडकत-अडकत चालत होतं. नववीतल्या एका पोरीने विचारलं, "ताई, ही विटीदांडू खेळते का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं, पण विटीऐवजी चेंडू आणि शेवटी तो भोकात घालायचा." ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणि तिची पिशवी उचलून मागे चालते ती कोण?"

"तिची आई."

सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. "आई? पोरीला खेळायचंय म्हणून आई ओझं उचलते?"

अदितीचं पदक त्या दिवशी एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. पोरींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. टेकडी उतरताना त्या आईविषयीच बोलत होत्या. त्यांच्या घरात ओझ्याची दिशा उलटी असते. आई मजुरीला जाते, म्हणून पोरगी पाणी आणते, मोळी आणते, धाकटं भावंड कडेवर घेते. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज चार वर्षांनंतर ते शोधायचा प्रयत्न करते आहे.

गोल्फवर लिहायचं कशाला, असं मैत्रिणी विचारतील. मीही असंच म्हणत होते. बड्या लोकांचा खेळ! अठरा भोकांच्या एका मैदानाला साधारण सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते, शिवाय हिरवळ जगवायला रोजचं पाणी. सरदार सरोवरात ज्या जिल्ह्याची अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतली गावं बुडाली, त्या जिल्ह्यात काम करणाऱ्या बाईने गोल्फचं कौतुक करावं हे कुणालाही विचित्र वाटेल. नंदुरबारला गोल्फचं मैदान हवं अशी माझी मागणी नाहीच. पण एखाद्या बाईने आपलं सगळं आयुष्य खेळण्यात आणि पुढे खेळ शिकवण्यात घालवायचं ठरवलं, तर तिला काय-काय लागतं आणि कोण-कोण अडवतं, हे या खेळात अगदी उघडं दिसतं. जमीन, पैसा, वेळ, प्रवेश, सगळंच इथे मोठ्या आकड्यांत आहे. आपल्याकडच्या खो-खोत आणि धावण्यात तेच प्रश्न लहान आकड्यांत असतात, म्हणून नजरेतून सुटतात.

दाराबाहेरच्या बाया

१९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी गोल्फ होतं. नऊ भोकांची फेरी ४७ फटक्यांत पुरी करून मार्गारेट अ‍ॅबट ही अमेरिकन तरुणी पहिली आली. तिचा जन्म कलकत्त्याचा. त्याच स्पर्धेत तिची आई मेरी हीसुद्धा खेळली होती. मार्गारेटला बक्षीस म्हणून चिनी मातीचं एक भांडं मिळालं. १९५५ साली ती वारली, पण आपण जिंकलो ती स्पर्धा ऑलिम्पिकची होती हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. बाईचा विजय नोंदवून ठेवावा, तिला निदान सांगावा, एवढीही गरज कुणाला वाटली नव्हती.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट हा क्लब १७५४ पासूनचा. जगभरच्या गोल्फचे नियम तिथे ठरत आले. त्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली, म्हणजे २६० वर्षांनी. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलने पहिल्या दोन स्त्रियांना सभासदत्व दिलं २०१२ साली. हे आपल्या आजीच्या काळातलं नाही. मी तेव्हा समाजकार्याचं शिक्षण घेत होते.

बायका मात्र वाट बघत बसल्या नाहीत. १९५० साली अमेरिकेत १३ जणींनी एकत्र येऊन स्वतःची व्यावसायिक संघटना उभी केली. स्पर्धा त्याच भरवायच्या, हिशेब त्याच ठेवायच्या, खेळायच्याही त्याच. आपल्या बचत गटाच्या पहिल्या वर्षाची आठवण यावी असंच ते काम. त्याच संघटनेने पुढे शिकवणाऱ्या बायकांसाठी वेगळा विभागही काढला. खेळणारी आणि शिकवणारी या दोघी एकाच कामातल्या आहेत, हे त्यांना लवकर उमगलं होतं.

पण त्या दारातही सगळ्या बाया मावत नव्हत्या. विम्बल्डन जिंकलेली अ‍ॅल्थिया गिब्सन ही काळी खेळाडू १९६४ साली या संघटनेत आली. तिच्यानंतर १९६७ साली रेनी पॉवेल आली. या रेनीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तिचे वडील बिल पॉवेल दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. परत आल्यावर काळे म्हणून त्यांना गोऱ्यांच्या गोल्फ मैदानावर खेळू देईनात आणि कर्जही मिळेना. त्यांनी दोन काळ्या डॉक्टरांची आणि भावाची मदत घेऊन ओहायो राज्यात दुभत्या जनावरांचा एक जुना मळा विकत घेतला आणि त्या जमिनीवर नवराबायकोने मैदान उभं केलं. १९४८ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. रेनी तिसऱ्या वर्षापासून तिथे खेळली. पुढे व्यावसायिक खेळाडू झाली, आणि खेळणं थांबल्यावर त्याच मैदानावर येऊन शिकवू लागली. सैन्यातून परतलेल्या, मनाने आणि शरीराने जखमी झालेल्या स्त्रियांसाठी तिने तिथे गोल्फचे वर्ग चालवले. २०१५ साली सेंट अँड्र्यूजच्या त्या जुन्या क्लबाने ज्या पहिल्या स्त्रियांना मानाचं सभासदत्व दिलं, त्यात रेनीचं नाव होतं.

गावाने पाणवठा बंद केला तर स्वतःची विहीर खणायची, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. रेनीच्या बाबतीत विशेष हे की ती त्या विहिरीवर पुढच्या पोरींना पोहायला शिकवत राहिली.

आपल्या देशातलं चित्र बघा. गोल्फमध्ये गरीब घरातला मुलगा पुढे यायची एक अरुंद वाट होती, ती म्हणजे कॅडीची. बड्या साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकायचा. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी होता, १९९१ साली तो इंडियन ओपन जिंकला. कलकत्त्याच्या एस. एस. पी. चौरसियाचे वडील मैदानाची हिरवळ राखायचे. या दोघांविषयी मला आदरच आहे. पण कॅडीचं काम आपल्याकडे बहुतांशी पुरुषांचं आणि मुलग्यांचं राहिलं. म्हणजे गरिबीतून वर यायची जी एकुलती एक फट होती तीसुद्धा पोरींसाठी नव्हती. ज्या बायका भारतात गोल्फ खेळल्या त्या बहुतेक सुखवस्तू किंवा लष्करी घरातल्या. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेत खेळणारी पहिली भारतीय स्मृती मेहरा असो की आजची अदिती, घराने पाठबळ दिलं म्हणून त्या उभ्या राहिल्या. यात त्यांचा दोष काहीच नाही. पण ज्या पोरीच्या घरी पाठबळ देण्याइतकं बळच नाही, तिच्यामागे पिशवी उचलून कुणी चालायचं?

आमच्या डोंगरातल्या पोरी

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्के लोक आदिवासी. आमच्या पोरींना अंगमेहनत शिकवावी लागत नाही. होळीत रात्रभर ढोलावर नाचतात आणि सकाळी डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांत त्यांना धावताना एकदा बघा, अनवाणी पोरगी बूट घातलेलीला मागे टाकते.

आणि याच सह्याद्री-सातपुड्याच्या पट्ट्यातली, नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत पुढे गेलीच की! पाण्यासाठी मैलोन्मैल चालणारी, अनवाणी धावणारी ही पोरगी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. त्या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत एक रौप्य आणि एक कांस्य. २०१६ साली रिओला ती मॅरेथॉन धावली. तिच्यामागे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग उभे राहिले. धाराशिवची सारिका काळे अशाच ओढगस्तीच्या घरातली. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या खो-खो संघाची ती कर्णधार, २०२० साली अर्जुन पुरस्कार, आणि पुढे तालुका क्रीडा अधिकारी. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला.

म्हणजे पोरी कमी पडत नाहीत. मग त्या जातात कुठे?

टेकडीवर मला आईविषयी विचारणाऱ्या त्या नववीतल्या पोरीचंच सांगते. नाव सांगत नाही. शाळेत आठशे मीटरला तिच्या पुढे कुणी नसायचं. मी ज्या लग्नाच्या बातमीने गेले होते ते तिचंच होतं. आम्ही कायदा सांगितला, घरच्यांशी बोललो, पोलीसपाटलांना मध्ये घातलं, लग्न थांबवलं. संस्थेच्या अहवालात 'एक बालविवाह रोखला' अशी ओळ गेली. शाळा सुरू झाली. पण खेळ शिकवणाऱ्या सरांची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. ती घरी विचारायची, "मी शाळेत राहून करू काय?" आईजवळ उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही नव्हतं. पुढच्या वर्षी ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या टोळीबरोबर घरचे गेले. तिथेच तिचं लग्न उरकलं. आम्हाला कळलं तेव्हा ती चार महिन्यांची गरोदर होती. या दिवाळीत भेटली. कडेवर पोर, डोक्यावर भारा. मला म्हणाली, "ताई, तुम्ही माझं लग्न थांबवलं होतं ना?" त्यात रागाचा सूरही नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

आम्ही लग्न थांबवतो. पण थांबवलेल्या लग्नाच्या जागी त्या पोरीच्या आयुष्यात आम्ही काय ठेवतो? 'शिक' म्हणतो. ज्या शाळेत गणिताला मास्तर नाही तिथे 'शिक' म्हणणं कोरडं वाटतं. ज्या एका गोष्टीत ती सगळ्यांच्या पुढे होती, ती गोष्ट आमच्या कामाच्या यादीतच नव्हती.

शिकवणारी बाई हवी

खेळण्याचं आयुष्य फार तर दहा-बारा वर्षांचं. शिकवण्याचं आयुष्य तीस वर्षांचं. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न प्रशिक्षकाचा आहे. आमच्या पाड्यांवरच्या आया मला स्पष्ट विचारतात, "तालुक्याला घेऊन जाणार कोण? मास्तर? रात्री पोरी कुठे झोपणार?" त्यांना अडाणी म्हणू नका. २०२३ साली देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, ते साऱ्या देशाने पाहिलं. ऑलिम्पिकचं पदक गळ्यात असलेल्या बाईला रस्त्यावर बसावं लागतं, तर पाड्यावरच्या आईने विश्वास कुणावर ठेवायचा?

बाई शिकवायला असली की बऱ्याच गोष्टी आपोआप सोप्या होतात. पाळी आली म्हणून मैदान सोडणारी पोरगी तिला कारण सांगू शकते. पोट रिकामं आहे हे तिला बघूनच कळतं. आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. हा आजार असलेल्या मुलीला उन्हात, पाण्यावाचून, दम लागेपर्यंत पळवलं तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जी नुसती वाहक आहे ती सर्वसाधारणपणे खेळू शकते, पण तिलाही पाणी आणि विश्रांती सांभाळावी लागते. हे न कळणारा शिक्षक 'आळशी आहे' म्हणून शिक्षा करतो. चाचणीचा कागद आणि खेळाची वही एकत्र ठेवणारी बाई मैदानावर असेल, तर कुणाला किती पळवायचं ते नीट ठरेल.

अशा बाया बाहेरून आयात करायची गरज नाही. कालपर्यंत खेळलेल्या पोरी गावोगाव आहेत. लग्न झालं, मूल झालं, म्हणून त्यांचं ज्ञान वाया गेलेलं नाही. माझी ती आठशे मीटरवाली पोरगी आज अठरा-एकोणीस वर्षांची आहे. धावताना श्वास कसा घ्यायचा, चढावर पाऊल कसं टाकायचं, हे तिला अजून येतं. तिने ते दहा पोरींना शिकवलं आणि त्याचं मानधन तिला मिळालं, तर कदाचित तिचं घर ऊसतोडीला जायचं एखाद्या वर्षी टळेलही.

आपणही विसरलो

कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, "पोटाला नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही, तिथे खेळ कुठे घेऊन बसलीस?" हा आक्षेप मी स्वतःलाच कितीदा घेतला आहे. पण रस्ता आल्यावर, दवाखाना आल्यावर, सगळं झाल्यावर पोरींनी खेळावं, असं म्हणायचं तर ती पाळी कधीच येणार नाही. मुलग्यांना आपण असं थांबवत नाही. त्याच पाड्यावर, तेवढ्याच उपाशीपोटी, ते संध्याकाळी क्रिकेट खेळत असतात. त्या वेळी त्यांच्या बहिणी पाण्याच्या रांगेत असतात. याला गरिबी म्हणून कसं भागेल? ही वेळेची वाटणी आहे, आणि ती घराने केलेली आहे.

शिवाय हा हक्क कागदावर आहे. स्त्रियांविषयीचे सर्व प्रकारचे भेदभाव दूर करण्याच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९३ साली शिक्कामोर्तब केलं, त्याच्या दहाव्या कलमात मुलींना खेळात आणि शारीरिक शिक्षणात समान संधी द्यावी असं स्पष्ट लिहिलं आहे. बालहक्कांच्या करारात, ३१ व्या कलमात, खेळ हा मुलांचा हक्क म्हटला आहे. आपण हे करार शिबिरांत शिकवतो, पण हिंसा आणि मालमत्ता यांच्यावरच थांबतो. ७० च्या दशकात याच शहादा-तळोद्याच्या भागात आदिवासी बायांनी दारूचे मटके फोडले होते. त्या बायांच्या नातींसाठी आपण ८ मार्चला संगीतखुर्ची ठेवतो आणि कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलून नेतो.

म्हणून काही मागण्या मांडते. मुलींच्या प्रत्येक आश्रमशाळेत खेळ शिकवायला बाई हवी, आणि ती नेमताना जिल्ह्यातल्या माजी खेळाडूंचा आधी विचार व्हावा. त्यांच्या शिक्षणाचा आणि प्रमाणपत्राचा खर्च आदिवासी विकास विभागाने करावा. खेळायला जाणाऱ्या मुलींच्या संघाबरोबर एक बाई असल्याशिवाय गाडी हलता कामा नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, मैदान, स्पर्धेची जागा हे सगळं 'कामाचं ठिकाण' म्हणून धरलेलं आहे. तेव्हा तालुक्याच्या क्रीडासंकुलात तक्रार समितीचा फलक कुठे आहे, हे आपण जाऊन विचारायचं. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहेच, तोही तिथल्या प्रत्येकाला माहीत हवा. दरवर्षी खेळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुलींची सिकलसेल आणि रक्तक्षय यांची तपासणी व्हावी. आणि स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या खेळाडू मुलींना मागे राहता यावं म्हणून वसतिगृहात जागा राखून ठेवावी.

या मागण्या सरकारकडे. आपल्याकडे मात्र एक काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहा ते अठरा वयाच्या मुलींची एक साधी यादी करावी. कोण काय खेळायची, कोणत्या वर्षी थांबली, का थांबली, आणि तिच्या वाटच्या कामातलं किती काम घरातले पुरुष उचलू शकतात. शेवटचा प्रश्न घरात बसून, बाप आणि भाऊ समोर असताना विचारावा. आमच्या सहा पाड्यांत आम्ही सुरुवात केली आहे. पहिल्या बैठकीत एका बाईने नवऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "सकाळचे दोन हंडे हा आणेल." नवरा हसला, मग गप्प बसला. दुसऱ्या आठवड्यात तो खरंच पाण्यावर दिसला. पोरगी अजून मैदानावर आलेली नाही, कारण शिकवणारीच नाही. आम्ही एकीला विचारलं आहे. कडेवरचं पोर कुणी सांभाळायचं, एवढंच ठरायचं बाकी आहे. तिची आई म्हणते आहे, मी सांभाळते.

तुमच्या गावातल्या याद्या आम्हाला जरूर कळवा.